फरक

सावद्याच्या बाहेर, फैजपूर रस्त्याला,
अकरा वर्षं मी वजनकाट्यावर बसले.
आधी रिकामी गाडी, मग भरलेली.
मधला फरक म्हणजे माल.

मागच्या चैत्रात चंद्राबाई आल्या.
काळसर वस्त्र, खांद्याला झोळी, पाय अनवाणी.
दुपारचे दोन, डांबर पातळ झालेलं.
केबिनच्या सावलीत पाणी प्यायल्या, तांब्या उपडा घातला,
आणि म्हणाल्या, माझं करा की वजन.
काट्यावर थेट मधोमध जाऊन उभ्या.
आकडा आला चाळीस.
मी म्हटलं, हा दहा-दहानंच मोजतो,
वरचं-खालचं त्याला कळत नाही.
त्यावर त्या काही मोठं बोलल्या असत्या
तर संध्याकाळपर्यंत मी विसरले असते.
त्या म्हणाल्या, पावती द्या.

गाडी नंबरच्या रकान्यात
काय लिहावं मला सुचलं नाही.
तो कोरा रकाना
पुढे कितीतरी रात्री माझ्याकडे बघत होता.

लोक विचारतात, हेमलता, हाक कशी आली?
हाक आली नाही.
ज्येष्ठात वादळ आलं, निंभोऱ्याकडच्या केळी
एका रात्रीत एका अंगावर झोपल्या.
माझं तसं काहीच झालं नाही.
रविवारी स्कूटी घेऊन आश्रमात जायचे,
भांडी घासायचे, परत यायचे.
पाचव्या की सहाव्या रविवारी लक्षात आलं
की परत येताना मी गाडी हळू चालवते.

भाऊ म्हणाला, लग्न जमलं नाही म्हणून हे खूळ.
रुपयातले चार आणे त्याचं खरं होतं.
उरलेले बारा आणे कुठले,
ते अजून मला मोजता आलेलं नाही.
आई कळण्याची भाकरी थापत होती.
तठी जाऊन काय करशीन वं माय, एवढंच म्हणाली,
आणि तव्यावरची भाकरी
उलटायची राहून गेली.

भाद्रपदात सकळ लिपी शिकले.
एका अक्षराच्या जागी दुसरंच अक्षर.
आधी स्वतःचं नाव लिहून पाहिलं.
कुणा अनोळखी बाईचं वाटलं,
आणि तिची मला काळजी वाटली.

मार्गशीर्षात आमच्या काट्यावाल्यांची भरीत पार्टी.
त्या रात्री नामाला बसले
तर डोळ्यांपुढे वांगंच, तेल सुटलेलं.
तीन आठवडे तेच.
शेवटी चंद्राबाईंना सांगून टाकलं.
त्यांनी विचारलं, पऱ्हाटीवर भाजलं होतं की गॅसवर?
पऱ्हाटीवर, मी म्हटलं.
मग सुटायला वेळ लागेल, त्या म्हणाल्या,
आणि वाती वळत बसल्या.

पहिली भिक्षा चिनावलला.
आयुष्यभर पावती दिल्याशिवाय काही घेतलं नव्हतं,
हात पुढे जाईना.
एका दारात नऊ-दहा वर्षांची पोरगी
पोळी खात उभी होती.
तिनं अर्धी माझ्या झोळीत टाकली
आणि उरलेली अर्धी
माझ्यासमोरच खाल्ली, घाई न करता.
त्या वर्षातला कुठला दिवस परत हवा,
असं कुणी विचारलं तर तो.

आता पुन्हा चैत्र.
आपलं गाव, आपला मुलूख धरून राहायचं नाही,
असा आमच्यात नेम आहे.
उद्या आम्ही अजिंठ्याचा घाट चढून पलीकडे जाऊ.
तिकडच्या मातीचा रंग मला माहीत नाही.
तिकडे वरण-बट्टीला काय म्हणतात, तेही नाही.
भीती वाटते. ती मी लपवत नाही,
तिची पूजाही करत नाही.

आज काट्यावरून गेले.
माझ्या जागी पराग बसतो आता.
ताई म्हणाला, मग अडखळला, मग दंडवत.
उभ्या राहा, बघू, म्हणाला.
मला आकडा माहीत होता.
मागच्या वर्षी साठ, आजही साठच येणार.
काट्याच्या हिशेबानं मी काहीच भरलेलं नाही,
काहीच उतरवलेलं नाही.
तरी एक पाय पट्टीवर ठेवला,
सवयीनं.

मागून केळीच्या गाडीनं हॉर्न दिला.
मी बाजूला झाले.